पहारा असूनही गाठ वाढते कशी?

मराठी मंडळाच्या अंकात कॅन्सरवरचा लेख, आणि तोही सायन्सच्या नव्हे तर साहित्याच्या मुलीने लिहिलेला, हे बघून काहींच्या भुवया उंचावतील. पण मी या विषयाकडे आले ती एका शब्दामुळे. तो शब्द म्हणजे 'प्रतिकारशक्ती'. कोविडच्या दिवसांत तो घराघरांत शिरला. काढा, गुळवेल, हळदीचं दूध, लिंबू-पाणी, सगळं त्या एका शब्दासाठी. शब्दातच 'शक्ती' असल्यामुळे आपण ती दंडातल्या ताकदीसारखी मोजतो. याची जास्त, त्याची कमी, अमक्याची खालावली. मग कुणाला कॅन्सर झाला की कारण आयतंच मिळतं: "प्रतिकारशक्ती कमी पडली, दुसरं काय!"

बहुतेक कॅन्सरांच्या बाबतीत हे कारण बरोबर नाही. ज्यांचा पहारा खरोखरच दुबळा झालेला असतो, म्हणजे एचआयव्हीचे रुग्ण किंवा किडनी बदलल्यावर औषधं घेणारे, त्यांच्यात काही विशिष्ट कॅन्सर जास्त आढळतात हे खरं. पण ज्याला वर्षभर साधी सर्दीही होत नाही अशा धडधाकट माणसालाही गाठ येते. आणि ती गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर पुष्कळदा आत शरीराच्या लढाऊ पेशी सापडतात. जिवंत, गाठीला ओळखणाऱ्या, आणि तरीही हात बांधून बसलेल्या. पहारेकरी आहे, जागा आहे, दारात उभा आहे, आणि चोरी चालू आहे. हे कसं होतं, ते समजून घ्यायचा हा प्रयत्न. बी.एस्सी.च्या एका मैत्रिणीकडून मी प्रत्येक परिच्छेद तपासून घेतला आहे. तिने माझी विशेषणं कापली, शास्त्र ठेवलं.

आधी पहारा कसा चालतो ते बघू. पहारेकऱ्यांपैकी मुख्य म्हणजे टी पेशी. त्यांना दुसऱ्या पेशीच्या आत डोकावता येत नाही. म्हणून शरीराने एक पद्धत ठेवली आहे. जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत जी प्रथिनं बनवते, त्यांचे छोटे तुकडे करून ते बाहेरच्या कातडीवर मांडून ठेवते. बाजारात पोत्याच्या तोंडावर मूठभर धान्य ठेवतात ना, गिऱ्हाइकाला आतला माल कळावा म्हणून, तशी ही वानगी. ती ज्या ताटलीत मांडली जाते तिला एमएचसी म्हणतात. तुकडा साधारण नऊ अमिनो आम्लांचा असतो. प्रथिनांच्या लिपीत वीस अक्षरं आहेत असं धरलं, तर टी पेशी नऊ अक्षरी शब्द वाचत फिरते. शब्द ओळखीचा, घरचा असेल तर पुढे जाते. विषाणूचा असेल तर त्या पेशीला मारते.

हे वाचन त्या शिकतात छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस नावाच्या ग्रंथीत. ही शाळा भयंकर कडक. घरच्या शब्दांवर जी पेशी जोरात चवताळते, तिला तिथेच संपवलं जातं. बहुतेक विद्यार्थी नापास होतात आणि नापास म्हणजे मरण. (आपल्या सेमिस्टरबद्दल तक्रार करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) इतकी कडक चाळणी का? कारण टी पेशी जर आपल्याच पेशींवर धावून गेल्या, तर माणूस रोगाने नाही, स्वतःच्या पहाऱ्याने मरेल.

कॅन्सरचा पेच इथेच सुरू होतो. कॅन्सर बाहेरून येत नाही. ती आपलीच पेशी असते, आपल्याच घरची, फक्त तिच्या जनुकांत काही अक्षरं चुकलेली. उदाहरणार्थ, केआरएएस नावाच्या एका प्रथिनात बाराव्या जागी ग्लायसिन असायला हवं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा तिथे दुसरंच अमिनो आम्ल येऊन बसतं. एका अक्षराची चूक. पण तेवढ्यावर 'वाढ, वाढ' हा निरोप बंदच होत नाही. आता पहारेकऱ्याने करायचं ते प्रूफरीडरचं काम. हजारो बरोबर शब्दांत एक चुकलेलं अक्षर शोधायचं. शिवाय ते चुकलेलं अक्षर वानगीच्या तुकड्यात आलंच पाहिजे असंही नाही.

तरीही टी पेशी ते शोधतात का? या प्रश्नावर शास्त्रज्ञ जवळजवळ शंभर वर्षं भांडले. १९०९ साली पॉल एर्लिखने अंदाज मांडला की शरीरात गाठी सारख्या उगवत असाव्यात आणि शरीरच त्या खुडून टाकत असावं. १९५०च्या दशकात ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट आणि अमेरिकेचे लुईस थॉमस यांनी त्याला 'पहाऱ्या'ची कल्पना दिली. मग १९७०च्या दशकात थायमस नसलेल्या उंदरांवर प्रयोग झाले, त्यांना इतर उंदरांपेक्षा जास्त गाठी आल्या नाहीत, आणि ही कल्पना अडगळीत गेली. त्या उंदरांचा पहारा पुरता गेलेला नव्हता, हे नंतर उमगलं.

२००१ साली सेंट लुईसमध्ये रॉबर्ट श्रायबर आणि सहकाऱ्यांनी टी पेशीच नसलेल्या उंदरांवर काम केलं. त्यांच्यात गाठी जास्त आल्या, म्हणजे पहारा खरा होता. पण मला त्या प्रयोगाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पहारा नसलेल्या उंदरात वाढलेल्या गाठी काढून त्यांनी धडधाकट उंदरात लावल्या. त्यांतल्या बऱ्याच त्या उंदराच्या शरीराने नष्ट केल्या. उलट, धडधाकट उंदरात मुळातच वाढलेल्या गाठी दुसऱ्या धडधाकट उंदरात लावल्या तर त्या बिनदिक्कत रुजल्या. म्हणजे पहाऱ्याखाली वाढलेली गाठ आणि पहाऱ्याविना वाढलेली गाठ या सारख्या नव्हत्या. पहाऱ्याने तिला घडवलं होतं.

या प्रक्रियेला श्रायबर यांनी जे नाव दिलं त्याचं मराठी होतं 'संपादन'. हे वाचून साहित्याच्या विद्यार्थ्याला आनंद होणारच. टी पेशी ज्या पेशींना ओळखतात त्यांना कापून टाकतात. ज्या ओळखू येत नाहीत त्या उरतात. उरलेल्या वाढतात, पुन्हा बदलतात, पुन्हा काटछाट. डॉक्टरच्या हाताला जेव्हा गाठ लागते, तेव्हा ती पहिली प्रत नसतेच. कित्येक वर्षांच्या काटछाटीतून शिल्लक राहिलेली ती शेवटची आवृत्ती असते. म्हणून 'गाठ धूर्त असते, कपटी असते' असं जे लिहिलं जातं ते मला पटत नाही. गाठीला मेंदू नाही, बेत नाही. चाळणीतून जे पडलं नाही ते राहिलं, एवढंच. (पुढे मी 'चकवते' असं क्रियापद वापरणार आहे, कारण मराठीत कर्त्याशिवाय गोष्ट सांगणं कठीण. पण ते असं समजून घ्या.)

संपादनाच्या मधल्या टप्प्यात काही वेळा बरोबरी होते. गाठ मरत नाही, वाढतही नाही. याची एक अंगावर काटा आणणारी नोंद २००३ साली वैद्यकीय नियतकालिकात आली. एका व्यक्तीचा मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर, शस्त्रक्रियेने काढला होता. सोळा वर्षं उलटली होती आणि ती बरी झाली असंच सगळे धरून चालले होते. मृत्यूनंतर तिच्या दोन किडन्या दोन रुग्णांना दिल्या गेल्या. दोघांनाही मेलॅनोमा झाला, आणि तो दात्याकडून आलेला होता. त्यांपैकी एक त्यात गेला. सोळा वर्षं दात्याच्या शरीराने त्या पेशी मुठीत धरून ठेवल्या होत्या. किडनी स्वीकारली जावी म्हणून नव्या शरीरात पहारा औषधांनी मंद केलेला, आणि मूठ सुटली.

आता निसटण्याच्या वाटा. त्या पुष्कळ आहेत. दोन-तीन नीट बघू.

पहिली वाट सरळ आहे: वानगीच काढून घ्यायची. ताटली नाही, तर वाचायला शब्द नाही. कित्येक गाठींतल्या पेशी एमएचसी दाखवणं कमी करतात किंवा बंदच करतात. याचं टोकाचं उदाहरण माणसात नाही, तर ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर आहे. तिथल्या 'टास्मानियन डेव्हिल' या प्राण्याच्या तोंडावर येणारी गाठ १९९६ मध्ये पहिल्यांदा दिसली. हे प्राणी एकमेकांना चावतात, आणि चावण्यातून रोगजंतू नव्हे, कॅन्सरच्या जिवंत पेशीच एका प्राण्यातून दुसऱ्यात जातात. परक्या प्राण्याची पेशी शरीराने तत्काळ झिडकारायला हवी, परकी किडनी झिडकारतात तशी. पण त्या पेशी एमएचसी जवळजवळ दाखवतच नाहीत. जनुकं शाबूत आहेत, फक्त गप्प केलेली. डेव्हिलांची संख्या झपाट्याने घटली. असाच संसर्गजन्य कॅन्सर आपल्या गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांतही असतो, तो हजारो वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्यापासून चालत आलेला आहे. पण कुत्र्यांत पुष्कळदा काही काळाने वानगी पुन्हा दिसू लागते, आणि गाठ आपोआप विरते.

मग सगळ्याच गाठी हीच वाट का घेत नाहीत? कारण शरीराकडे दुसऱ्या जातीचा पहारेकरी आहे, नॅचरल किलर पेशी. स्टॉकहोमचे क्लास कार्रे यांनी १९८०च्या दशकात दाखवलं की ही पेशी परकं काही आहे का ते बघत नाही, आपलं काही *नाही* का ते बघते. ज्या दारात वानगीच नाही, तिथे ती संशय घेते. तिच्या या ओळखीला शास्त्रात जे नाव आहे त्याचा अर्थ 'हरवलेला स्व'. शास्त्रज्ञांना अधूनमधून कविता सुचते, ती अशी.

दुसरी वाट म्हणजे या लेखाचं मर्म. टी पेशीने एकदा हल्ला सुरू केला की तो थांबवायलाही काहीतरी हवं, नाहीतर विषाणू संपल्यावरही ती घरच्यांना मारत राहील. म्हणून तिच्या अंगावर लगाम असतात. क्योतोमध्ये तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली पीडी-१ नावाचा असा एक लगाम सापडला. आपल्या निरोगी पेशी पीडी-एल१ ही खूण दाखवतात. ती पीडी-१ ला लागली की टी पेशीला निरोप जातो: 'पुरे, आता थांब.' दुसरा लगाम सीटीएलए-४. हा लगाम जन्मतःच नसलेले उंदीर तयार केले तेव्हा ते जेमतेम तीन-चार आठवडे जगले. त्यांच्याच टी पेशींनी त्यांचं हृदय आणि इतर अवयव पोखरून टाकले. 'प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकं बरं' असं म्हणणाऱ्याला हे उंदीर दाखवावेत.

गाठ नेमकी हीच खूण वापरते. गंमत, म्हणजे गंमत कसली, क्रूरपणा असा की ती खूण पुष्कळदा टी पेशींमुळेच बाहेर येते. टी पेशी गाठीला ओळखते, हल्ला करते, हल्ल्यात इंटरफेरॉन गॅमा नावाचं द्रव्य सोडते. त्या द्रव्याने गाठीच्या पेशी पीडी-एल१ जास्त दाखवू लागतात. म्हणजे ओळख पटली, शक्ती होती, वार सुरूही झाला, आणि त्या वारानेच 'थांब' ही पाटी वर आली. आईच्या पोटातलं बाळही निम्मं परकं असतं, बापाची जनुकं घेऊन आलेलं. त्याला आईच्या पहाऱ्यापासून जपायला वार, म्हणजे बाळाभोवतीची नाळेची गादी, अशाच खुणा वापरते. मुळात ही शांततेची भाषा आहे. ती नसती तर आपण कुणीच जन्मलो नसतो.

इथे थोडं घरचं सांगते. खानापूरकडे माझे मामा सुतारकाम करायचे. जिभेच्या कडेला गाठ आली आणि दीड वर्षात ते गेले. घरी भेटायला येणारा प्रत्येक माणूस, अगदी चर्चमधून प्रार्थनेला येणाऱ्या बायकासुद्धा, मामीला विचारायच्या: जेवणात काय देत होतीस? फळं देत होतीस का? काढा? तीस वर्षं गालात धरलेल्या तंबाखूबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तंबाखू काय करते? जनुकांतली अक्षरं बिघडवते. ते बिघडलेलं अक्षर कुठल्याही ताटातल्या पालेभाजीने दुरुस्त होत नाही. मामी आजही सांगते, "माझंच काहीतरी कमी पडलं." त्या एका 'शक्ती' शब्दाने सगळा दोष तिच्या चुलीपाशी आणून ठेवला. मी तिला पीडी-एल१ समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे त्यांच्या अंगात ताकद होती?" होती, मामी.

तिसरी वाट अशी की गाठ नुसती खूण दाखवून थांबत नाही, तर शरीरातले शांतता राखणारेच गोळा करते. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवलं की टी पेशींतच एक गट असा असतो ज्याचं काम इतर टी पेशींना आवरणं. त्या काळी फार कमी लोकांचा यावर विश्वास होता. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल साकागुचींना मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासोबत याच कामासाठी मिळालं. या पेशी नसतील तर शरीर स्वतःवर उलटतं. पण कित्येक गाठींत त्यांची गर्दी झालेली दिसते. त्यांच्या जोडीला जखम भरून काढणाऱ्या पेशीही येतात. हॅरल्ड ड्वोराक यांनी १९८६ साली गाठींना 'न भरणाऱ्या जखमा' म्हटलं होतं. आपल्याला लगेच अश्वत्थामा आठवतो. फरक एवढाच की इथे शरीर इमानेइतबारे तेल लावत राहतं, नव्या रक्तवाहिन्या पाठवतं, आणि त्या तेलावरच जखम पोसली जाते.

याशिवाय गाठीच्या आत साखर भराभर जळून आम्ल साठतं, प्राणवायू कमी पडतो, बाहेर तंतूंची जाड भिंत तयार होते. काही गाठींत तर टी पेशी पोचतच नाहीत. या सगळ्यांवर स्वतंत्र लेख होईल.

लगाम सापडला, तर तो सैल करता येईल का? हे पहिल्यांदा करून पाहिलं जेम्स अ‍ॅलिसन यांनी. १९९६ मध्ये त्यांनी दाखवलं की सीटीएलए-४ वर झाकण घातलं तर उंदरांतल्या गाठी विरतात. गाठीला त्यांनी हातही लावला नव्हता, फक्त टी पेशींचा लगाम धरून ठेवला होता. माणसांसाठी या लगामावरचं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर व्हायला २०११ उजाडलं. पीडी-१ वरची दोन औषधं २०१४ मध्ये आली. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलॅनोमा २०१५ साली मेंदूपर्यंत पोचला होता. तेव्हा ते नव्वदीत होते. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार झाले, जोडीला यांतलंच एक औषध मिळालं, आणि ते शंभरी पूर्ण करून २०२४ च्या डिसेंबरात गेले. अ‍ॅलिसन आणि होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

पण हे औषध सगळ्यांना लागू पडत नाही. बऱ्याच रुग्णांत त्याचा उपयोगच होत नाही, कारण त्यांच्या गाठीत टी पेशी आलेल्याच नसतात, किंवा वानगी नसते, किंवा आवरणारा हात दुसराच असतो. आणि लगाम सुटला की टी पेशी घरच्यांनाही चावतात. आतडी, थायरॉइड, फुप्फुसं, कातडी. ज्या उंदरांबद्दल वर लिहिलं, त्यांची ही सौम्य आवृत्ती.

शिवाय किंमत. आपल्याकडच्या बहुतेक घरांना ही औषधं परवडणारी नाहीत. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियलमधला एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. डोक्या-मानेच्या कॅन्सरचे, म्हणजे बरेचसे तोंडाचे, बरे न होण्याच्या टप्प्यावरचे रुग्ण. अर्ध्यांना स्वस्त गोळ्यांचा नेहमीचा उपचार दिला. अर्ध्यांना त्याच गोळ्या आणि सोबत निवोलुमॅब हे पीडी-१ वरचं औषध, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. रूढ मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅमची आहे. या कल्पनेला आधार असा की पीडी-१ च्या जागा थोड्या औषधानेही बऱ्याच भरतात. एका वर्षानंतर पहिल्या गटातले १६.३ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातले ४३.४ टक्के.

मुंबईतच आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून दुसरी वाट काढली. रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढायच्या आणि त्यांना वानगीशिवाय ओळखायला शिकवायचं. ताटलीतला शब्द नको, दारावरची सीडी-१९ ही पाटी दिसली की पुरे. रक्ताच्या काही कॅन्सरवरचा हा उपचार भारतात २०२३ च्या ऑक्टोबरात मंजूर झाला, परदेशातल्या अशाच उपचारांपेक्षा पुष्कळ कमी खर्चात. असे उपचार जगात जिथे जिथे दिले गेले, तिथे काही रुग्णांत कॅन्सर उलटून आला. तपासलं तर त्यातल्या काहींच्या पेशींवर सीडी-१९ ची पाटीच नव्हती. पाटी असलेल्या सगळ्या मेल्या होत्या, आणि नसलेल्या काही तेवढ्या उरल्या होत्या. म्हणून आता दोन पाट्या एकदम वाचणाऱ्या टी पेशी घडवण्याचं काम चालू आहे.